चिन्हांकडे लक्ष द्या

१२ तारीख, गुरुवार, दुपार

प्रिय ताई,

नमस्कार. तू बरी असशील असं धरून चालतो. भाऊजींची पाठ सरळ झालेली दिसली. आमच्याकडे सगळं ठीक. हिने स्वयंपाकघराला पिवळा रंग दिला आणि आता तो डोळ्यांत खुपतो म्हणून माझ्यावर रुसली आहे. रंग निवडला तिने, लावला रंगाऱ्याने, पण डबा मी आणला ना! झालं, खापर माझ्या डोक्यावर.

पत्र बघून तू म्हणशील, याच्या हातात फोन नाही का? आहे. पण फोनवर तू मला बोलू देतेस कुठे? मी एक वाक्य बोलतो, तू तीन बोलतेस, आणि शेवटी मीच "बरं बरं" करून ठेवून देतो. भाऊजी कामासाठी इकडे आलेत, संध्याकाळी परत निघतील. त्यांच्याच हाती हे देतो. आल्या आल्या वाच. त्यांना चहा नंतर दे.

मी कॉलेजच्या संगणक-खोलीत बसून लिहितोय. समोर मुलं सराव-चाचणी सोडवताहेत. एक मुलगी पडद्याशी पुटपुटत भांडते आहे. तुला माहीतच आहे, आमच्या या सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येकाला प्रश्न तोच, पण थोडा बदलून येतो, म्हणजे शेजाऱ्याचं बघून उपयोग नाही. उत्तर टाइप केलं की लगेच तपासलं जातं. चुकलं तर एक सूचना येते, मग पुन्हा लिहायचं, पण गुण कमी होतात. ते प्रश्न माझे. सूचनाही माझ्या. पोरं कुठे घसरतील ते आधीच ओळखायचं आणि तिथे एक पाटी ठोकून ठेवायची, हे माझं काम. कसली ऐट होती मला त्याची! तुमच्या गावच्या कॉलेजातही हेच प्रश्न गेले तेव्हा मी हिला पेढे आणायला लावणार होतो.

माझी भाची कशी आहे, ठमी? जेवते का नीट? गणित सोडून दुसरा विषय घ्यायच्या तिच्या अर्जावर तू सही केलीस का? शनिवारची मुदत आहे ना? केली नसशील तर थांब, ताई. करू नकोस. हे लिहायला कागद घेतला आणि मी रंगाच्या डब्याचं पुराण लावून बसलो.

सांगतो.

ठमी ज्या चाचणीत नापास झाली, तिच्यात अवयव पाडायचे प्रश्न होते. मुलांनी एकच साचा घोकू नये म्हणून मी शहाणपणा केला. काही जणांना राशी नेहमीच्या क्रमाने दाखवली, काहींना उलटी. ठमीला उलटी आली: सहा वजा पाच क्ष अधिक क्ष वर्ग. तिने लिहिलं, दोन वजा क्ष, गुणिले तीन वजा क्ष. गुणून बघ, अगदी बरोबर आहे. प्रश्न ज्या क्रमाने विचारलाय त्याच क्रमाने उत्तर लिहावं, हे तिला मीच शिकवलं होतं, तुमच्या गॅलरीत खडूने.

पण यंत्राला मी सांगून ठेवलं होतं की उत्तर "क्ष वजा दोन, क्ष वजा तीन" असंच दिसलं पाहिजे. उत्तराची किंमत तपासायची सोय त्यात आहे, ती वापरायला थोडा जास्त वेळ लागतो. मी घाईत नुसतं रूप जुळवायला लावलं. आणि करून बघितलं ते सरळ क्रमाच्या प्रश्नावर. उलटा एकदाही सोडवून पाहिला नाही. आपलाच प्रश्न, त्यात काय बघायचं!

मग तिला पाटी दिसली, "चिन्हांकडे लक्ष द्या." पोरीने लक्ष दिलं. बिचारीने वजाचे अधिक केले. आता मात्र ते खरंच चुकलं. पुढचा प्रश्न, पुन्हा बरोबर उत्तर, पुन्हा तीच पाटी. तिसऱ्यापासून तिने आधीच चिन्हं बदलून लिहायला सुरुवात केली. म्हणजे बघ, माझ्या यंत्राने तिला चुकायला शिकवलं.

तू म्हणशील, मग ती बोलली का नाही? कशी बोलेल? "प्रश्न माझ्या मामाचे आहेत," असं वर्गभर सांगून बसली होती ना! मामा चुकेल हे तिच्या डोक्यात येणार कुठून?

आता पुढचं.

तू रविवारी फोन केलास. रडत होतीस. ठमी खोलीचं दार लावून बसली आहे म्हणालीस. मी मोठ्या शहाण्यासारखा म्हणालो, "ताई, प्रत्येकाला गणित जमतंच असं नाही. यंत्राला ना मामा ना भाची. घेऊ दे तिला दुसरा विषय." आणि तू म्हणालीस, "तू म्हणतोस म्हणजे खरंच असेल रे."

ताई, मला माहीत होतं. तू मला तिचा परीक्षा क्रमांक दिला होतास, जरा बघ म्हणून. मी शुक्रवारीच बघितलं होतं. तिची सगळी उत्तरं एकाखाली एक. पहिलं उत्तर वाचताच माझी चूक मला कळली. उलटा क्रम आलेल्या सगळ्या मुलांची तीच गत. आणि मी मूग गिळून बसलो.

का? आमच्या विभागप्रमुख मॅडमना आमची ही प्रणाली आणखी कॉलेजांना दाखवायची आहे आणि दाखवणारा मी आहे. निकाल लागलाय, आता कोण उकरणार, असं मनाला समजावलं. आणखी एक सबब फार छान सापडली होती. आता बोललो तर लोक म्हणतील, मामाने भाचीचे गुण वाढवले! म्हणजे माझ्या भित्रेपणाला मी सचोटीचा सदरा घातला. तू तिकडे रडत होतीस आणि मला आतून हायसं वाटत होतं, की ठमीने विषय सोडला तर कुणी विचारायला येणार नाही. हे लिहिताना माझी मलाच शिसारी येते आहे. पण खरं तेच आहे.

चाचणी संपली. मुलं गेली. मीही उठून मॅडमकडे जाऊन आलो. आता पुन्हा लिहितोय.

त्यांनी सगळं ऐकलं आणि म्हणाल्या, "पुढच्या चाचणीच्या आधी गुपचूप दुरुस्त करा की. आता कशाला गावभर?"

"मुलं विषय सोडताहेत, मॅडम."

"त्यात तुमची भाची आहे. लोक काय म्हणतील?"

"म्हणू देत."

"मग प्रणाली दाखवायला दुसरं कुणी जाईल," त्या म्हणाल्या. चिडल्या नाहीत, नुसत्या चष्मा पुसत राहिल्या. मी बरं म्हणून बाहेर आलो. वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू.

तपासणी दुरुस्त करून सगळ्यांची उत्तरं पुन्हा तपासली. सर्व कॉलेजांना माझ्या नावाने कळवलं की चूक माझी आहे, मुलांची नाही. हवी त्याला चाचणी पुन्हा देता येईल, हेही मॅडमकडून कबूल करून घेतलं.

पण ठमीचे गुण फारसे वाढले नाहीत, ताई. काठावर पास होते, एवढंच. कारण पुढे तिने लिहिलेलं खरंच चूक आहे, आणि शेवटचे प्रश्न तर सोडवलेच नाहीत. शेवटच्या चौकटीत तिने अवयव लिहिले नाहीत. तिथे तिने टाइप केलंय, "मला गणित येत नाही." त्याच्याखाली यंत्राचं उत्तर आहे, "हे गणिती उत्तर नाही. पुन्हा प्रयत्न करा." ते वाक्यही माझंच. मी ते लिहिलं तेव्हा चहा पीत होतो.

हे दुरुस्त करायला माझ्याकडे काही नाही.

आता तू एक कर. तिच्या दारावर टकटक कर आणि आधी एवढंच सांग की तुझी पहिली उत्तरं बरोबर होती. मग रविवारचं सांग. ते सांगताना "मामाकडून चुकून झालं" असं म्हणू नकोस. मला पाठीशी घालायची तुला सवय आहे, लहानपणापासूनची. या वेळी नको. चूक चुकून झाली, पण गप्प मी समजून उमजून बसलो, हे तिला जसंच्या तसं कळू दे. तिला चिडू दे, शिव्या देऊ दे, परत कधी तोंड बघणार नाही म्हणू दे. त्यानंतर तिला गणित सोडायचं असेल तर तिने खुशाल सोडावं. माझ्यामुळे मात्र नको.

तुझी मुलगी बरोबर आहे हे माहीत असूनही तुला "सोडू दे" म्हणणारा,
तुझा धाकटा भाऊ