साकव मंजूर, टोपली चालू

॥ श्री ॥
गिरीज, ओहोळाच्या अलीकडून
१२ नोव्हेंबर २०२४

प्रिय मेरीबाय हिस,
पमाचा सप्रेम नमस्कार, वि. वि.

टोपलीत केळीच्या पानाची पुडी आहे ती आधी उघड, मग पत्र वाच. दिवाळीनंतर उन्हात वाळवलेली पहिली सुकेळी आहेत. ज्युलियसभाऊंना एकच दे. नवऱ्याला साखर आहे हे तू विसरत नाहीस, पण ते स्वतः सोयीस्कर विसरतात.

बातमी मोठी आहे. आपल्या ओहोळावर पक्का साकव बांधायला राज्य शासनाचा निधी मिळेलसं दिसतंय. दसऱ्याला माडाची दोन खोडं टाकायची आणि पावसाळ्याच्या तोंडावर उचलून ठेवायची, हे आपल्या दोन्ही वाड्यांनी किती पिढ्या केलं कोण जाणे. आता तिथे काँक्रीट. आमच्या नातवाने, तेजसने, अर्ज केला तेव्हा मी त्याला हसले होते. परवा बांधकाम खात्याच्या इंजिनिअर बाई पाहणीला येतायत.

तू म्हणशील, म्हातारीला पुलाचा एवढा पुळका कशाला. मेरीबाय, तुझा खुबा मोडला आणि तू चाकाच्या खुर्चीत बसलीस, त्याच सुमारास माझ्या कानांनी राम म्हटला आणि जाताना अंगाचा तोलही घेऊन गेले. खोडावर पाय ठेवला की मला ओहोळ वर आणि आभाळ खाली दिसतं. तुझ्याकडची वळशाची वाट म्हणजे हातभर रुंदीचा बांध, तिथेही तीच गत. फोनवर तुझा आवाज नुसता खरखरतो, आणि कानातलं यंत्र लावलं की शिट्ट्या मारतं. घरं समोरासमोर, आणि वर्ष होऊन गेलं आपण शेजारी शेजारी बसलो नाही. शाळेपासून असं कधी झालं नव्हतं गं. आमचे हे आणि ज्युलियसभाऊ यांनी ओहोळावरून रहाटाची जुनी दोरी बांधून ही टोपली चालू केली नसती तर मी भिंतींशी बोलत बसले असते.

म्हणून पाहणीला काही कमी पडू द्यायचं नाही असं ठरलंय. यांनी खोडं घासून लख्ख केली, नवा काथ्या आवळला, बांबूचा कठडा करून त्याला हिरवा रंग दिला. दोन्ही टोकांना केळीचे खांब आणि झेंडूच्या माळा लावू. बाई खूश झाल्या पाहिजेत.

लोभ आहेच, तो टोपलीतून सांडू देऊ नकोस.
तुझी,
पमा

†
ओहोळाच्या पलीकडून
१६ नोव्हेंबर २०२४

प्रिय पमे,
येशूची शांती आणि माझा नमस्कार.

सुकेळी छान होती. ज्युलियसने एक माझ्यासमोर खाल्लं, दोन माझ्यामागे. टोपलीत फणसाच्या पानातल्या इडल्या आहेत. पान टाकू नकोस, तुझी शेळी खाईल.

आता मन घट्ट कर. बाई खूश झाल्या, आणि तिथेच सगळं बिनसलं. अक्षदा त्यांचं नाव, वयाने आपल्या नातीएवढ्या. तुझ्याकडून चालत आमच्या बाजूला आल्या, ओट्यावर बसून लिंबूसरबत प्यायल्या आणि ज्युलियसला म्हणाल्या की इतका देखणा, इतका भक्कम साकव त्यांनी कुठे पाहिलाच नाही, तुम्ही लोकांनी हा असाच जपला पाहिजे. म्हणून त्या अहवालात लिहिणार की सध्याची सोय चांगली आहे, निधी जिथे जास्त गरज असेल तिथे जावा. महिनाअखेरीला यादी वर जाते म्हणे. ज्युलियस नेहमीसारखा नुसता हसत मान डोलावत होता. पाहुण्यांना नाही म्हणायचं नाही हे त्याला आईने शिकवलंय.

हरिश्चंद्रभावजींना सांग, त्यांचा कठडा फारच सुंदर झाला होता.

माया पातळ होऊ देऊ नकोस, डाळ पातळ चालेल.
तुझी,
मेरी

॥ श्री ॥
१७ नोव्हेंबर २०२४

प्रिय मेरीबाय हिस, नमस्कार.

तुझं पत्र वाचून मी डोक्याला हात लावून बसले. पिढ्यान्‌पिढ्यांत एकदा सरकार आपल्या दारात आलं आणि आपण त्याला हार घालून परत पाठवलं. यांना झापलं तर म्हणतात, मग काय पाहुण्यांना मोडकं दाखवायचं? आता कठड्याकडे बघतात आणि उसासे टाकतात.

मी ठरवलंय. उद्या एक खोड करवतीने अर्धं कापायचं, फोटो काढायचा आणि तेजसच्या हाती ऑफिसात पाठवायचा. करवत माळ्यावर आहे. तू ज्युलियसभाऊंना पलीकडून धरायला सांग.

हा साकव गेला तर दुसरा आपल्या हयातीत होत नाही, मेरीबाय. मला तुझ्या शेजारी बसायचंय. एवढं एकच मागणं आहे आणि तेही मी झेंडूच्या माळेत गुंडाळून घालवलं. रागाने अक्षर वाकडं आलंय, सांभाळून घे.

माझ्यावरचा जीव कमी करू नकोस, चूक कितीही मोठी असली तरी.
पमा

†
१८ नोव्हेंबर २०२४

प्रिय पमे,
शांती. तुला तिची गरज आहे.

करवत माळ्यावरच राहू दे. खोड कापायचं नाही. एक तर ते खोटं, आणि फादर मला घरी येऊन कम्युनियन देतात तेव्हा त्यांच्यासमोर मी काय सांगू? शिवाय त्या खोडावरून अख्खी वाडी दुधाला जाते.

आणि चूक तुझी एकटीची नाही. पाहणीच्या दिवशी मी कुठे होते, विचारलं नाहीस. आतल्या खोलीत, दार लावून. सूनबाई म्हणत होती ओट्यावर बसा, पण पाहुण्यांपुढे आजारपण कशाला मांडायचं म्हणून मीच आत गेले. खुर्चीसुद्धा खाटेमागे लपवली. तू साकव नटवलास आणि मी चाकं लपवली. बाईंना दिसणार काय, बिचारीला? दवाखान्यात जायचं तर चार माणसं मला खुर्चीसकट उचलून बांधावरून नेतात, आणि नुसतं तुझ्याकडे यायला तेवढी माणसं मागायची मला लाज वाटते, हे त्यांना कुणी सांगितलंच नाही.

तर असं कर. तेजसला बाईंकडे पाठव आणि नीट विनंती करायला सांग की महिना संपायच्या आत एकदा परत या. त्या दिवशी मला तुझ्याकडे जेवायचं आमंत्रण दे. माळा नकोत, रंग नको. बाकी माझ्यावर सोड.

जेवायला काय करणार तेही कळव. उगाच कमी लोभ दाखवून वरणभातावर भागवू नकोस.
तुझी,
मेरी

॥ श्री ॥
२७ नोव्हेंबर २०२४

प्रिय मेरीबाय हिस, नमस्कार.

अगं, काल काय केलंस तू? मला नुसतं दिसलं, ऐकू काही आलं नाही, आणि इथले सगळे एकाच वेळी सांगतात त्यामुळे ओठही वाचता येत नाहीत.

माझ्याकडून सांगते. यांना सकाळी पुन्हा केळीचे खांब आठवले होते, म्हणून सुतळीचा गुंडा मी पिठाच्या डब्यात लपवला. मग काठावर खुर्ची टाकून बसले. जेवण तयार होतं, वालाचं बिरडं आणि नारळीभात. ज्युलियसभाऊंनी तुला ढकलत आणलं. ठेवणीतलं लाल लुगडं नेसली होतीस, लग्नाला निघाल्यासारखी. बाई खोडांवरून टुणटुण पलीकडे गेल्या. तू माझ्याकडे बोट दाखवून काहीतरी म्हणालीस. त्यांनी तुझ्या खुर्चीचे दांडे धरले, पुढची चाकं खोडांना टेकवली आणि थांबल्या. दोन गोल खोडं, मध्ये फट, खाली पाणी.

मी हात हलवला. तूही हलवलास. आणि मेरीबाय, मला एकदम रडू फुटलं, सगळ्यांसमोर. नाटक नव्हतं गं ते. इतक्या जवळून तुला वर्षभरात पाहिलं नव्हतं, केस किती पिकलेत तुझे. बाई कितीतरी वेळ माझ्याकडे बघत राहिल्या, मग त्यांनी पिशवीतून टेप काढली.

काय म्हणालीस ते शब्दन्‌शब्द लिही. जेवण टोपलीतून पाठवलं ते पोचलं ना? ओढ आहे तशीच असू दे.
पमा

†
२८ नोव्हेंबर २०२४

प्रिय पमे,
येशूची शांती आणि नारळीभाताबद्दल दुप्पट नमस्कार.

मी विशेष काही बोलले नाही. म्हटलं, बाय, समोर बसलीय ती माझी मैत्रीण. तिने जेवायला बोलावलंय, तेवढं मला पलीकडे सोड. त्या म्हणाल्या, आजी, यावरून खुर्ची कशी जाईल? मी म्हटलं, ते मला काय ठाऊक, सोय चांगली आहे असं तूच लिहिणार होतीस ना.

बिचारी लाल झाली. मग तू रडायला लागलीस आणि तिचेही डोळे भरले. मला म्हणाली, मागच्या वेळी तुम्ही कुठे होतात? मी खरं ते सांगितलं, लपले होते म्हणून. ती आधी हसली आणि मग खुर्चीची चाकं मोजायला लागली. आता साकव रुंद होणार, पायऱ्या नाहीत, दोन्हीकडे उतार. खर्च वाढतो, त्यामुळे वरून पुन्हा मंजुरी लागेल, पण अहवाल ती स्वतः घेऊन जाणार आहे. वरच्यांना शंका आली तर त्यांनाच जेवायला पाठवते म्हणाली.

माझे केस पिकलेत म्हणतेस. तुझे डाय केलेले दिसतात बरं का, पलीकडूनसुद्धा.

हे वाचून रागावलीस तरी प्रेम करायचं थांबवू नकोस.
मेरी

॥ श्री ॥
१८ मे २०२५

प्रिय मेरीबाय हिस, नमस्कार.

उन्हाने हैराण. टोपलीत ताडगोळे आहेत, लगेच खा.

साकव पुरा झाला हे तुला तुझ्या खिडकीतून दिसतंच. नाताळात धाकधूक, मार्चएंडच्या तोंडावर निधी आला, मग दिवसभर मिक्सरची घरघर. ती म्हणे फार मोठी होती, मला काही त्रास झाला नाही. आमच्या यांच्या तोंडी मात्र सरकारी भाषा बसलीय. दुसऱ्या चपातीला माझी प्रशासकीय मंजुरी आहे का, असं विचारतात. मी म्हणते, निधी संपला.

पण मला रडावं का हसावं कळत नाही. उद्घाटनाला मोठे पाहुणे हवेत म्हणून लाल फीत बांधून ठेवलीय, आणि पाहुण्यांची तारीख दोनदा पुढे गेली. आपली माणसं इतकी भली की फितीला कुणी हात लावत नाही. नवा साकव रिकामा, आणि शेजारच्या जुन्या खोडांवरून सगळी वाडी तोल सावरत जातेय. पाहुण्यांआधी आपण पाय ठेवला तर बरं दिसत नाही म्हणतात. आमचे हे तर सकाळ-संध्याकाळ तिथे खुर्ची टाकून राखण करतात. काल कुत्रं गेलं त्यावरून, तर त्यालाही परत बोलावलं.

पावसाळा तोंडावर आलाय. खोडं उचलतील, आणि साकव फितीसकट तसाच राहील. इतकं होऊन तू तिकडे आणि मी इकडेच. मला आता धीर धरवत नाही, मेरीबाय. तूच काहीतरी सुचव, मागच्यासारखं.

आतापर्यंत धरलास तेवढा जीव अजून थोडे दिवस धर.
पमा

†
गिरीज, ओहोळाच्या अलीकडून
२१ मे २०२५

प्रिय पमे,
येशूची शांती.

वरचा पत्ता चुकलेला नाही. हे मी तुझ्याच ओट्यावर बसून लिहिते आहे आणि तू समोर बसून माझ्या पेनकडे बघते आहेस. सकाळपासून मी काय बडबडले त्यातलं तुला अक्षर ऐकू आलेलं नाही, हे माझ्या लक्षात आलं. माझा खुबा कसा दुखतो ते सांगितलं तर हसलीस, आणि सुनेचं कौतुक केलं तर चुकचुकलीस. म्हणून तेजसकडून कागद मागून घेतला.

मी कशी आले ते सांगते. ज्युलियसने मला साकवाच्या तोंडाशी आणलं. हरिश्चंद्रभावजी राखणीला होतेच. म्हणाले, वहिनी, फीत आहे. मी म्हटलं, भावजी, पाहुण्यांना बरं दिसावं म्हणून एकदा मी खोलीत लपले होते, आता नाही लपणार. त्यांनी एकदा फितीकडे बघितलं, एकदा माझ्या चाकांकडे. मग उठले, दोन्ही हातांनी फीत उंच धरली आणि तोंड पलीकडे फिरवून म्हणाले, मी काही पाहिलं नाही. चाकं सुळकन निघाली, कुठे खट्‌ नाही. मी पार झाल्यावर त्यांनी फीत पुन्हा होती तशी नीट केली. पाहुणे येतील तेव्हा कापू देत, आपल्याला काय.

मधोमध मी थांबायला सांगितलं होतं. तू अंगणात तांदूळ निवडत होतीस, हाका मारल्या तर ऐकू येईना. तुला तसंच बघत राहावंसं वाटलं. मग तू मान वर केलीस आणि सूप सांडलंस.

कोंबड्यांनी तांदूळ संपवले. मला उद्याही यायचंय. परवाही यायचंय. तुझं यंत्र शिट्टी मारत असेल तर मारू दे, नाहीतर कागद आहेतच.

लोभ असू दे. उत्तर खाली जागा सोडली आहे तिथेच लिही, टोपली लागणार नाही.
तुझी,
मेरी

मेरीबाय,
लिहिणं पुरे झालं. चहा घे, गार होतोय. आणि जरा अशी सरक, मी तुझ्या बाजूला येऊन बसते.
पमा