कामगार प्रतिनिधीची खुर्ची

प्रिय धाकट्या,

कालच्या बैठकीआधी तू मला दारातच गाठलंस आणि मी बरी आहे का, हे कानाशी ओरडून विचारलंस. मालक संघटनेची माणसं कौतुकानं बघत होती. बहीण बहिरी, भाऊ सरकारात सचिव, तरी किती प्रेमळ.

कारखान्यांतल्या आवाजावर मर्यादा घालायची म्हणून तुमची ही समिती. बाटल्यांच्या कारखान्यात माझे कान गेले, म्हणून कामगारांच्या वतीनं मी. मला वाटलं, भावाला आठवण राहिली. लहानपणी माझा डबा घेऊन यायचास, तेव्हा फाटकातच कानात बोटं घालून उभा राहायचास. डबा मग रखवालदारच आत आणायचा.

नियमाचा मसुदा संघटनेच्या वकिलानं घरून करून आणला होता. तुझ्या अधिकाऱ्यांनी तो स्वतः रात्रभर जागून लिहिल्यासारखा वाचून दाखवला. मंत्र्यांनी मोबाइलमधून डोकं वर काढून सही कुठे करायची, एवढंच विचारलं. म्हणे लोकांचं राज्य. कुंपणानं शेत खाल्लेलं ऐकलं होतं, पण इथे कुंपण शेजाऱ्याच्या गुरांना आग्रहानं वाढत होतं.

यंत्रांवर आवाज कोंडणारी झाकणं बसवायला मालकांना आणखी दहा वर्षं मिळाली. कामगारांच्या बाई आडव्या येणार नाहीत ना, असं वकिलानं हळूच विचारलं. त्यावर तू फायलीआड तोंड धरून म्हणालास, की तिला काही ऐकू येत नाही, ती नुसती मान हलवते, म्हणून तर तिला घेतलंय. आणि हसलास. मीही मान हलवली. तुझी किळस आली रे मला.

तुझ्या भाचीनं मला ऐकू यायचं कानातलं यंत्र आणून दिलंय. केसांखाली दिसत नाही. तुला चकित करायचं म्हणून मी कोणालाच सांगितलं नव्हतं.

ती पोरगी आता त्याच बाटल्यांवर कामाला आहे. हल्ली घरी ती टीव्हीचा आवाज वाढवते आणि मी कमी करते. म्हणून हे पत्र. बैठकीचं इतिवृत्त सहीसाठी आलं होतं. त्यावर मी माझा विरोध लिहिला, फायलीआडचं तुझं बोलणंही शब्दाला शब्द लिहिलं आणि एक प्रत वर्तमानपत्राकडे दिली. उद्या छापून येईल, तेव्हा कोणी केलं म्हणून शोधत बसू नकोस. पुढच्या बैठकीलाही मी येणार आहे. दारात ओरडू नकोस, हळू बोललास तरी चालेल.

तुझीच,
ताई