कांद्याकडचा अर्धा पिझ्झा

मी, शर्ट-पँटी शिवण्यात उभा जन्म घालवलेली, वय वर्षं बहात्तर. डोकं ठिकाणावर आहे, हृदयाची एक झडप तेवढी नाही. मंगळवारी तिचं ऑपरेशन. म्हणून कोणाच्या सांगण्यावरून नव्हे, तर राजीखुशीने, गल्लीच्या कोपऱ्यावरच्या पिझ्झाच्या दुकानात बसून, माझ्या पश्चात काय व्हावं ते लिहून ठेवत आहे.

१. राहती दोन खोल्यांची जागा मुलाला. गळका नळही जागेसोबतच समजावा. "उद्या बघतो" म्हणून त्यानेच तो आजवर गळत ठेवला आहे.

२. बँकेतली शिल्लक मुलगा व मुलगी यांनी समसमान घ्यावी. भांडू नये. भांडण्याइतकी ती नाही.

३. शिलाई मशीन मुलीला. जावयाने त्यावर टीव्ही ठेवू नये.

४. कापडाची मोठी कात्री. कापडाच्या कात्रीने कागद कापू नये, हे शिंप्याच्या घरातलं मांजरसुद्धा जाणतं. माझ्या धाकट्या जावेने या कात्रीने चक्क पुठ्ठा कापला. वर मलाच म्हणाली, "अहो जाऊबाई, कात्रीच तर आहे!" त्या दिवसापासून आमचा अबोला. सदर कात्री तिलाच द्यावी. आता काय कापायचं ते काप म्हणावं.

५. आता मुख्य मिळकत. अबोला धरल्यावरही दर शुक्रवारी आम्ही दोघी इथे यायचो, वेगळ्या टेबलांवर बसून वेगळे पिझ्झे मागवायचो आणि दोघी अर्धा टाकून उठायचो. शेवटी पिझ्झावाला कमरेवर हात ठेवून म्हणाला, "आजी, भांडा खुशाल, पण माझ्या पिझ्झ्याने तुमचं काय घोडं मारलंय?" तेव्हापासून तो एकच भाजतो. कांद्याकडचा अर्धा माझा, मशरूमचा जावेचा. भिजलेलं रबर आवडीने खाणारी माणसं असतात जगात. चीज ताणलं जातं, खरपूस कड कुर्रकन मोडते, आणि त्या घटकेला मला कोणाचाही राग येत नाही. जावेचा सोडून.

अडचण अशी, की मी गेले तर ती अख्खा पिझ्झा मागवणार नाही. तिला संपत नाही आणि टाकवत नाही. मग ती येणंच सोडेल, एकटी घरात बसेल, धड जेवणार नाही आणि माझ्या मागोमाग वर येईल. मला तिथे जरा उसंत हवी आहे. खरं सांगायचं तर तिच्या त्या एकटेपणाची मला फार काळजी वाटते.

सबब, माझा कांद्याकडचा अर्धा मी सुनेला देत आहे. तिने दर शुक्रवारी माझ्या टेबलावर बसून तो खावा. अबोला तिला लागू नाही.

ठिकाण: खिडकीजवळचं टेबल. वार: ऑपरेशनआधीचा शुक्रवार.

सही: थोरली जाऊ.

साक्षीदार पहिला: पिझ्झावाला. (डाग सॉसचा आहे.)

साक्षीदार दुसरा: दुकानात दुसरं कोणी नसल्याने कागद पलीकडच्या टेबलावर पाठवला. सहीविना परत आला. खाली जावेचं अक्षर:

"जाऊबाई, मी सही करणार नाही. एका साक्षीदारावर मृत्युपत्र होत नाही, तेव्हा ऑपरेशन करून मुकाट्याने परत या. तुमच्या सुनेला कांदा चालत नाही, एवढंही ठाऊक नाही तुम्हाला? आणि येताना कात्रीला धार लावून आणा."