मोहगावच्या लग्नाची डिस्क

बाबा,

मोहगावच्या त्या बाई तुम्हाला आठवणार नाहीत. विहारासमोरच्या मांडवात त्यांचं लग्न होतं, नवरदेव पांढऱ्या सदऱ्यात, आणि वरातीत तो इतका नाचला की तुम्ही कॅमेरा घेऊन उलटे चालता चालता नालीत पडता पडता वाचलात. घरी आल्यावर आईला हसत हसत सांगत होतात, म्हणून मला आठवतं. त्या बाई गेल्या महिन्यात दुकानात आल्या, सोबत शाळेतली मुलगी. पिशवीतून तुमच्या हातची सीडी काढली. तिची चकाकी उडून आरपार दिसत होतं. "ताई, हे लागतच नाही कुठं. तुमच्याकडं असंल ना जी?" मी विचारलं, फोटो नाहीत का? म्हणाल्या, "फोटो हायेत. मोबाईलमध्ये पण हाय तो, पण सगळा खाटेवरचा. लग्नाच्या वर्षीच लाईटीच्या खांबावरून पडला, मंग उठलाच नाही. मागच्या उन्हाळ्यात गेला. या पोरीनं बापाले चालताना पाह्यलंच नाही." मुलगी काउंटरवरचे पासपोर्ट फोटो बघत होती. मी म्हटलं, पाहते.

पाहते म्हणण्याआधी विचार करायला हवा होता. कॅमेऱ्याच्या टेपा तर तुम्ही पुन्हा पुन्हा वापरायचात, एका लग्नावर दुसरं लग्न चढायचं. उरलं होतं ते फक्त जुन्या कम्प्युटरमध्ये. तो माळ्यावर तुमच्या लाईटच्या छत्र्यांखाली पडलेला आहे. तुम्ही गेल्यापासून लग्नांच्या व्हिडिओचं मिक्सिंग बंदच झालं. आता आपल्या सौसरमध्ये लग्नाचं शूटिंग करायला नागपूरची पोरं येतात. मी ऑनलाइन फॉर्म भरते, झेरॉक्स काढते.

तो कम्प्युटर खाली काढला आणि पुसताना तो दिवस आठवला, बाबा. मी पांढुर्ण्याच्या कम्प्युटर क्लासवरून बसनं येते, दुकानात शिरते, तर तुम्ही माऊस टेबलावर आपटताय. स्क्रीनच्या कोपऱ्यात पिवळा फुगा आलेला, व्हर्च्युअल मेमरी कमी आहे म्हणून. लग्न अर्ध्यावर अडकलेलं. "हे खोटी मेमरी कोणती अजून? खरी दिली ना आपण त्याले?" मी सांगितलं, खरी भरली की उरलेलं तो डिस्कवर लिहून ठेवतो, आणि लागलं की परत वाचतो. डिस्क मुळात हळू, त्यात आपलं लग्नही त्याच डिस्कवरून वाचलं जातंय. डिस्कमधला वाचणारा एकच काटा दोन्हीकडे धावून राहिला, मग अडकणारच. तुम्ही ऐकून घेतलंत. दुसऱ्या दिवशी नागपूरला गेलात आणि संध्याकाळी टॉवेलात गुंडाळलेली नवी डिस्क घेऊन आलात, बसमध्ये मांडीवर धरून. आईला वाटलं मिठाई आहे. "घे बाई," तुम्ही म्हणालात, "एकीवर लोकांचं लग्न, दुसरीवर तुही ते खोटी मेमरी. आता दोघीच्या दोघी नीट नांदू दे." मला वाढदिवसाला वगैरे तुम्ही कधी काही आणलं नव्हतं. मी ती खोटी मेमरी, म्हणजे पेजफाईल, नव्या डिस्कवर नेली, तिचा आकार बांधून टाकला म्हणजे ती तुटक तुटक पसरणार नाही, आणि मशीन खरंच पळायला लागलं. तुम्ही मग रोज सकाळी डीफ्रॅग लावायचात, डिस्कवर विखुरलेले तुकडे ओळीनं लावून घ्यायला. रंगीत पट्ट्या हळूहळू जागेवर येताना चहा पीत बघत बसायचात. त्याला झाडलोट म्हणायचात. एकदा रेंडर चालू असताना, म्हणजे जोडलेल्या लग्नाची फिल्म तयार होत असताना, मी त्याच मशीनवर गाणी लावली, तर केवढे ओरडलात. "आत लोकाचं लग्न चालू हाय अन् तू गाणे लावून राहिली?" गिऱ्हाईकासमोर. मी दोन दिवस बोलले नव्हते.

पुढे कामं वाढली, जागा पुरेना, आणि तुम्ही त्या दुसऱ्या डिस्कवरही लग्नं ठेवायला लागलात. मोहगावचं लग्न तिथंच होतं.

मी सगळं नीट केलं, बाबा. हे तुम्हालाच सांगता येतं, बाकी कोणाला कळत नाही. डिस्कची केबल जुनी, चपटी, नव्या कम्प्युटरला लागतच नाही, म्हणून जुनाच चालू करावा लागला. चालू करताच दुसऱ्या डिस्कमधून कट्ट कट्ट आवाज यायला लागला. मी लगेच बंद करून ती काढून ठेवली. मग एकट्या पहिल्या डिस्कवर मशीन चालू केलं आणि पेजफाईल तिच्यावर आणली, म्हणजे विंडोज आजारी डिस्कला हात लावणार नाही. फाईली शोधायला विंडोज मागच्या मागे बनवत राहतो ती यादी बंद केली, अँटीव्हायरस काढला. डीफ्रॅगचा तर विचारही केला नाही, त्या झाडलोटीत ती तिथंच मेली असती. मग डिस्क परत जोडली. फोल्डर दिसलं. गावांच्या नावानं ठेवलेली सगळी लग्नं, बोरगाव, सावरगाव, मोहगाव. मोहगावचे दोन तुकडे होते. पहिला कॉपी होऊन निघायला दुपार गेली. मी शटर अर्धं ओढून बसले होते, कोणी फॉर्म घेऊन आलं तर वाकून सांगायची, उद्या या. दुसऱ्या तुकड्यात वरात होती. तो थोडा सरकला, थांबला, पुन्हा थोडा सरकला. मग आवाज बदलला, कोणी नखानं पत्रा खरवडावा तसा, आणि डिस्क दिसायचीच बंद झाली.

नागपूरला नेली. मीही मांडीवरच धरून नेली, का कोण जाणे. तिथल्या माणसानं उघडून दाखवली. आत आरशासारखी चकती आणि तिच्यावर गोल ओरखडे. "मॅडम, इसमें अब कुछ नहीं है," तो म्हणाला आणि झाकण लावून स्क्रूसकट माझ्या हातात दिली.

जो पहिला तुकडा निघाला तो मी पाहिला. त्यात पंगत आहे, माईकवर बोलणारे मामा आहेत, बुद्धवंदना आहे. नवरदेव मंचावर बसलेला आहे. हार घालायला उभा राहतो, हसतो, परत बसतो. कॅमेरा बायकांकडे जातो, परत येतो, तो बसलेलाच. एकदा वाटलं आता खाली उतरेल, एक पाय पुढे टाकतोच, तेवढ्यात तुम्ही कॅमेरा स्वयंपाकाच्या कढईवर नेलात. मी ते पुढं मागं करून पुन्हा पुन्हा पाहिलं. तुमच्यावर राग आला, आणि तुम्हाला कसं माहीत असणार, हेही कळत होतं.

तुम्ही असतात तर काय केलं असतं, असं मनाशी विचारत होते. काहीच करता आलं नसतं. तुम्ही फार तर त्यांना बसवून चहा सांगितला असता आणि तोंडावर सांगून टाकलं असतं. ते तुम्हाला जमायचं. मला वाटायचं तुम्ही कठोर आहात.

त्या बाईंचा सकाळपासून दोनदा फोन येऊन गेला. मुलीची शाळा सुटली की दोघी येऊ का, हे विचारायला असेल. मी उचलला नाही. खरं सांगू, हे तुम्हाला लिहायला बसले ते तुमची आठवण आली म्हणून नाही. त्यांना फोन करावा लागू नये म्हणून बसले.