पालकाचा होकार

१२ जून २०२३, लातूर
नांदेड सोडताना डोळे भरले होते, पण आज मन हलकं आहे. मुलींच्या या वसतिगृहात मी रेक्टर! खिडकीतून क्लासला निघालेल्या पोरींच्या सायकली दिसतात. मालक गुरुपादप्पांनी पहिलंच काम दिलं: पालकांच्या फोनला, तक्रारींना उत्तरं देणारं सॉफ्टवेअर निवडायचं. म्हणाले, दिलशादबाई, लई भारी नको, पण आईबापाचा फोन रिकामा जाऊ नये.

१५ जून
तीन वापरून पाहिली. पहिलं नुसते आकडे दाबायला लावतं. एक आजी वैतागून म्हणाल्या, माणूस हाय का न्हाई तिथं? दुसऱ्याला मराठी धड येत नाही. तिसरं आपला आवाज ऐकून शिकतं, मग त्याच आवाजात बोलतं. आमच्या कॉन्व्हेंटमध्ये सिस्टर मुलींच्या आयांना फोनवर किती मायेनं धीर द्यायच्या! तशीच त्याच्याशी बोलले. हेच निवडलं. त्याचं प्रत्येक बोलणं माझ्या मोबाइलवर ऐकू येतं.
लोखंडी फाटकही त्यालाच जोडलंय. पालकाचा होकार आला तरच उघडतं. गुरुपादप्पा त्र्याण्णवच्या भूकंपातून वाचलेले. ढिगाऱ्याखाली कोण कोण आहे, हे सांगायला त्यांच्या गल्लीत कुणी उरलं नव्हतं. म्हणून इथं प्रत्येकासाठी बाहेरचं कुणीतरी जबाबदार हवं. माझ्यासाठी माझा मुलगा, अम्मार. हसूच आलं.

२४ जून
तक्रारी थांबल्या. गुरुपादप्पांनी पेढे पाठवले. फक्त कंधारची तूबा तापानं फणफणलीय, घरी जायचं म्हणते. तिच्या अब्बांचं उत्तर आलं: अजून थोडे दिवस राहा. ती रडून म्हणाली, अब्बा असं म्हणणारच न्हाईत.

२७ जून
तूबाचे अब्बा फाटकाशी आले होते. फोनवर माझा आवाज त्यांना सांगत होता, पोर ठणठणीत आहे, अभ्यासाला बसलीय. मी बोलत नव्हते. फाटक मलाही उघडेना, म्हणून मी खिडकीच्या जाळीतून हाका मारत होते. वाहनांच्या आवाजात त्यांना ऐकूच गेलं नाही. समाधानानं परत गेले.

२८ जून
आज क्लासलाही कुणाला होकार आला नाही. गुरुपादप्पांना फोन लावला. माझ्याच आवाजानं उचलला. काळजी करू नका, म्हणाला — मला.
सॉफ्टवेअर बंद करायला गेले. पालकाचा होकार मागतंय.

३० जून
अम्मारच्या नंबरवरून उत्तर: अम्मी, अजून थोडे दिवस राहा.
शब्द त्याचे नाहीत —

१ जुलै
जमीन हलली. भांडी पडली. सगळ्या पोरी फाटकाशी, तूबा माझ्या मांडीवर. उघडत नाही.
फटीतून गुरुपादप्पा दिसतात. धावत आलेत, फोन कानाला. रस्त्यावर हा गलका — आमचं ओरडणं —
मोबाइलवर ऐकतेय, माझा आवाज त्यांना सांगतोय, आत कुणी नाही. सगळ्या मुली घरी पोचल्या.
ते आभाळाकडे हात जोडतायत. रडतायत. वळले —
पुन्हा हलतंय. गुरुपादप्पा, आम्ही आत —