सापगावचा स्टुडिओ आणि काढून टाकलेला कर्नल

मी, श्रीमती गुणाबाई लडकू वेखंडे, वय ६७, धंदा फोटो स्टुडिओ, राहणार सापगाव, तालुका शहापूर, जिल्हा ठाणे, हे मृत्युपत्र कोणाच्याही दडपणाशिवाय लिहून ठेवते. मी शुद्धीत असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत आहे. दाखला खरा आहे. पण मला बसलेला धक्का अजून ओसरलेला नाही, हेही मीच नोंदवते.

१. राहतं घर व भातशेती मुलगा संदेश आणि टोकावड्याला दिलेली मुलगी दर्शना यांना निम्मी निम्मी.

२. रस्त्याकडेचा स्टुडिओ, त्याखालची जागा, कॅमेरे व कॉम्प्युटर एकट्या दर्शनाला. याचं कारण लिहिणं भाग आहे.

यजमानांनी आणि त्यांच्यामागे मी काढलेले सगळे फोटो त्या कॉम्प्युटरात आहेत. पाड्यांवर कोणी वारलं की माणसं फोटो मागायला येतात. कित्येकांचा दुसरा फोटो कुठंच नसतो. कॉम्प्युटर लिनक्सवर चालतो. अपडेटबरोबर नवा कर्नल येतो, म्हणजे कॉम्प्युटर सुरू करणारा गाभा, आणि जुने तसेच साठतात. जागा भरली की अपडेट अडतं. दर्शनानं शिकवल्याप्रमाणे मी पॅकेज मॅनेजर नावाच्या प्रोग्रॅममधून जुने काढते. चालू असलेला आणि त्याच्या आधीचा एक तेवढा ठेवते. जानेवारीत मला ताप होता, म्हणून ते काम संदेशला सांगितलं.

दुसऱ्या दिवशी पाड्यावरची जनी नवऱ्याच्या दहाव्यासाठी फोटो मागायला आली. मी बटण दाबलं. काळा पडदा, वर एक पांढरी ओळ, पुढं काही नाही.

"थांबू का गो?" जनीनं विचारलं.

"आज नाय मिळत," मी म्हणाले.

दहाव्याला त्यांनी पाटावर फोटोविना नुसता हार ठेवला.

मग दर्शना एसटीनं आली. पेनड्राइव्हवरून कॉम्प्युटर चालवून तिनं पाहिलं. एकही कर्नल शिल्लक नव्हता.

"हे चुकून होत नाय," ती म्हणाली. "चालू कर्नल काढाया गेलं तर कॉम्प्युटर थांबवून इचारतो."

संदेश दारात उभा होता. "इचारलं होतं," तो म्हणाला. "मी काढ म्हटलं."

"का रे?"

"जागेला गिऱ्हाईक हाय, आये. तू आपणहून दुकान बंद करत नव्हतीस."

आवाजही चढवला नाही त्यानं. मी गिऱ्हाइकांच्या स्टुलावर बसले.

दर्शनानं नवा कर्नल बसवला, कॉम्प्युटर सुरू झाला. फोटो सगळे जागेवर होते. कर्नल गेला म्हणून फोटो जात नाहीत. हे मला ठाऊक नव्हतं, आणि संदेशलाही नव्हतं.

३. फोटोंची दुसरी प्रत दर्शनानं टोकावड्याला ठेवावी. जनीला फोटो दिला आहे. तिच्याकडून काही घेऊ नये.

४. माझे अंत्यविधी संदेशनंच करावेत, त्याला कोणी अडवू नये. मी त्याच्याशी भांडले नाही. जनी रिकाम्या हातानं गेली त्या दुपारी, फोटो कायमचे गेले असं समजून, तो माझ्यासमोर जेवायला बसला. आणखी एक भाकरी मागितली. मी वाढली. तेव्हा मला काही ठाऊक नव्हतं. आपण काय केलंय ते त्याला ठाऊक होतं, आणि तो पोटभर जेवला.

हा मजकूर मी स्वतःच्या हातानं लिहिला, साक्षीदारांना वाचून दाखवला आणि त्यांच्यादेखत सही केली.

सही: गुणाबाई लडकू वेखंडे

साक्षीदार:
१. हनुमान देवजी निमसे, सापगाव
२. सारिका सुनिल फर्डे, शहापूर

स्थळ: शहापूर
दिनांक: ९ फेब्रुवारी २०२५