वरच्या कडीचं माप

४ सप्टेंबर

मिस्त्री आज खनपटीलाच बसले. दाराची वरची कडी चार फुटांवर कशी? 'बाई, वरची म्हणता आणि छातीशी लावता. शाळेतलं पोरगंसुद्धा काढेल.' आणि नाटकात तर नऊ वर्षांच्या मुलीला ती काढता यायला नको आहे. अख्खा दुसरा अंक त्यावर उभा!

तीस वर्षं नेपथ्य करतेय. माप चुकलं म्हटलं की मला मिरच्या झोंबतात. सांगितलं, काढलंय तसं करा, हे दार मी डोळ्यांनी पाहिलेलं आहे.

५ सप्टेंबर

पाहिलेलं म्हणजे आमच्या जुन्या घराचं. दिग्दर्शक म्हणाला, 'साधं दोन खोल्यांचं घर हवंय,' आणि हात आपोआप तेच काढत गेला. दुपारी आम्ही बाहेर पळू नये म्हणून आई वरची कडी लावून पडायची. त्या दुपारी ती पाणी प्यायला उठली आणि स्वयंपाकघराच्या उंबऱ्यातच कोसळली. दादाला म्हणाली, शेजारच्या काकूंना बोलाव. तो नऊ वर्षांचा, मी पाच. तो दाराशी होता. हात कडीवर. मला स्वच्छ दिसतं. पण कडी काढली नाही. संध्याकाळी बाबांनी कामावरून येऊन दार फोडलं, तोवर आई गेली होती.

नंतर मोठी माणसं खोदून खोदून विचारायची. दादा एवढंच म्हणायचा— हात पोचला नाही.

मला ते कधीच पटलं नाही. घाबरला, आणि वर खोटं बोलला. सेहेचाळीस वर्षं मनात ही अढी आहे. तोंडाने कधी बोलले नाही. फोन करते तो वहिनीला. तो शेजारी असला तर 'बरा आहे ना?', बस.

९ सप्टेंबर

प्रतिकृतीत पुठ्ठ्याची माणसं उभी केली. अर्ध्या इंचाला एक फूट. मुलगी फारच बुटकी वाटली म्हणून तीनदा मोजली. चार फूट दोन इंच— बरोबर आहे. नऊ वर्षांचं मूल एवढंसंच असतं.

माझ्या डोक्यातला दादा बाबांएवढा आहे.

१० सप्टेंबर

कामात लक्ष नाही. दोन खिडक्या उलट्या चिकटवल्या.

११ सप्टेंबर

टेप घेऊन गेलेच. जुन्या घरात आता एक नर्स राहते. मी कारण सांगितलं, तर तिला वाटलं मी घर विकत घ्यायला आलेय आणि ताकास तूर लागू देत नाहीये. शेवटी हसून आत घेतलं. दारावर रंगाचे चार थर चढलेत, पण दार तेच. फोडलं होतं तिथे ठिगळाची फळी अजून आहे.

कडी पाच फूट दहा इंचांवर.

मी जमिनीपासून मोजत गेले. चार फूट दोन. वर केलेला हात धरला. टाचा उंचावल्या असं धरलं. तरी पाच इंच कमीच पडतात. पुन्हा मोजलं. पाच इंच! मग तिथेच पायरीवर बसले आणि रडले. नर्सने पाणी दिलं. भली बाई.

खरं बोलत होता तो. नऊ वर्षांचं पोर, आणि मी त्याला सेहेचाळीस वर्षं कोपऱ्यात उभं केलं. मला माझीच लाज वाटते.

१२ सप्टेंबर

मिस्त्रींना सांगितलं, पाच फूट दहा. जिंकल्याचा आनंद चेहऱ्यावर दिसत होता.

१५ सप्टेंबर

फोन केला. वहिनीला म्हटलं, त्याला दे. 'त्याला?' तिने दोनदा विचारलं! दादा फोनवर आला. 'माझा सेट बघायला ये, रविवारी दुपारी,' एवढंच जमलं. 'येतो,' म्हणाला.

१९ सप्टेंबर

सेट उभा राहिला. दिग्दर्शक खूश. मी दार दहा वेळा उघडून बंद केलं, ते नीट बसतंय का बघायच्या निमित्ताने. उद्या दादाला या कडीखाली उभं करायचं आणि सांगायचं— चुकले मी.

२० सप्टेंबर

दादा आला. रंगमंचाच्या पाच पायऱ्या चढताना त्याला धाप लागली. मी पाच इंचांचं सगळं सांगितलं, माफी मागितली. त्याने ऐकून घेतलं. मग दाराशेजारची मोकळी जागा दाखवली. 'इथे ट्रंक होती आपली. ती राहिली तुझी.'

तिच्यावर चढला होता तो. हात पोचला होता.

'तू पाय धरलास माझा. आईजवळ मला एकटीला टाकून जाऊ नकोस म्हणालीस. सोडेचनास.'

मला यातलं काही आठवत नाही. विचारलं, मग सगळ्यांना हात पोचला नाही असं का सांगितलंस?

म्हणाला, 'पाच वर्षांची होतीस तू.'